काळं पडलेलं नाणं की रंग चढलेलं नाणं? कोकणच्या हवेत चांदीची नाणी ओळखायची आणि राखायची कशी

आमच्या गुहागरकडच्या घरात देवघराखालच्या फडताळात एक पितळी डबा आहे. त्यात चांदीचे अकरा कलदार रुपये. दर लक्ष्मीपूजनाला आत्या ते काढते, चिंच-राखेने घासते, लखलखीत करून ताम्हनात मांडते. तीनचार वर्षांपूर्वी फडताळाची फळी बदलताना फटीतून बारावा निघाला, कसल्याशा जुन्या पावतीच्या कागदात गुंडाळलेला. १९१८ चा पंचम जॉर्जचा रुपया. कडेला गडद निळा, मग जांभळट पट्टा, मग केशरी, मधोमध फिकट सोनेरी. आत्या म्हणाली, “शी, किती घाण झालंय रे हे. आण इकडे, चिंच आहे अजून.” मी नाणं मुठीत धरून पडवीत पळालो.

ते बारावं नाणं आज कुठलाही जाणता संग्राहक आधी उचलेल. बाकीचे अकरा त्याच टांकसाळीतले असले तरी सराफाच्या काट्यावर ‘मोड’ म्हणून जातील. रंग चढलेल्या नाण्याला संग्राहक ‘टोनिंग’ आलं म्हणतात आणि घरातली माणसं ‘काळं पडलं’ म्हणतात. गंमत म्हणजे दोघंही एकाच थराबद्दल बोलत असतात. तो थर कुठवर आलाय आणि त्याखाली काय शिल्लक आहे, एवढं ओळखता आलं की पुढचं काम सोपं आहे.

आधी: चांदीला नक्की होतं काय

चांदी लोखंडासारखी गंजत नाही. साध्या कोरड्या हवेतल्या ऑक्सिजनशी तिचं काही वाकडं नाही. तिचं वाकडं आहे गंधकाशी. हवेत हायड्रोजन सल्फाइड अगदी नाममात्र असला तरी चांदी तो पकडते आणि पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा थर धरू लागते. दमट हवेत हे काम जोरात चालतं.

सल्फाइड मुळात काळं असतं, मग रंग कुठून येतात? रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात पाण्यावर डिझेलचा तवंग बघा. डिझेलला तसा रंग नाही, पण तवंगात मोरपीस दिसतं. पातळ थराच्या वरून आणि खालून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो, काही रंग मारतो, काही उठवतो. नाण्यावर तेच चालतं. थर मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाहून पातळ असतानाच पहिले रंग दिसून जातात.

महत्त्वाचं हे की रंगांचा क्रम ठरलेला आहे. आधी फिकट सोनेरी, मग केशरी-तांबूस, किरमिजी, जांभळा, गडद निळा, मग फिकट आकाशी. इथे पहिली फेरी संपते. थर आणखी जाड झाला की पुन्हा पिवळा, गुलाबी आणि मग मोरपंखी-हिरवा. त्यापुढे रंग मळत जातात, राखाडी होतात आणि शेवटी काळं. सुंदर टोनिंग म्हणजे याच वाटेवरचा मधला थांबा. गाडी पुढे सरकली की काळं गाव येणारच. हा क्रम पाठ करून ठेवा. खरं-खोटं ओळखताना पुन्हा लागणार आहे.

आता आपल्याकडची गोष्ट. ओहोटीला खाडीकाठी उभं राहिलं की कांदळवनाच्या चिखलातून कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तो हाच हायड्रोजन सल्फाइड. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं आणि हवा न मिळणाऱ्या चिखलातले जिवाणू त्याचा हा वायू करतात. खाडीला लागून असलेल्या घरातली पैंजणं डोंगरावरच्या घरातल्या पैंजणांपेक्षा लवकर काळी पडतात, हे आमच्याकडच्या बायकांना केमिस्ट्री न शिकता माहीत आहे. त्यात चार महिने पाऊस आणि हवेत ओल. घरातही गंधक कमी नाही: लोकरीची शाल, रबरबँड, अंडी, कांदा-लसूण, आगपेटी, दिवाळीचे फटाके. सिलेंडरच्या गॅसला मुद्दाम घातलेला वाससुद्धा गंधकाच्याच संयुगाचा असतो.

दुसरा शत्रू मीठ. खाऱ्या वाऱ्यातून आलेल्या क्लोराइडमुळे चांदीवर सिल्व्हर क्लोराइड तयार होतं. ते करडं, मेणचट दिसतं आणि उजेडात जांभळट-काळसर होत जातं. त्यात रंगांची गंमत नाही, फक्त झीज आहे. गंधकाची आणि मिठाची वाट वेगळी आहे हे लक्षात ठेवलं नाही, तर पुढच्या सगळ्या पायऱ्या चुकतील.

पायरी १: हात आवरा

नाणं सापडलं की अंगठा फिरवून बघायचा मोह होतो. तो टाळा. बोटाच्या घामात मीठ असतं, आणि आज न दिसणारा ठसा सहा महिन्यांनी तपकिरी होऊन कायमचा उमटतो. नाणं कडेने धरायचं, खाली घडी घातलेला मऊ पंचा ठेवायचा. आमच्या घरातल्या शहाबादी फरशीवर पडलेल्या रुपयाच्या कडेला पडलेली खोच मी अजून रोज बघतो. हातमोजे घालायचेच तर नायट्राइलचे, पावडर नसलेले. लॅटेक्सच्या रबरात गंधक असतं.

मग नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. खिडकीतल्या उजेडात, रंग वाढवणारे सगळे फिल्टर बंद करून. पुढे हे फार कामाला येतात.

पायरी २: कुठलं नाणं आहे ते बघा

कोकणातल्या घरांत बहुतेक वेळा ब्रिटिश काळातले रुपयेच निघतात. व्हिक्टोरियाचा १८४० पासूनचा, मग सातवा एडवर्ड, मग १९११ ते १९२२ चा पंचम जॉर्ज. वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि बारापैकी अकरा भाग चांदी, एक भाग तांबं. या मिश्रणावर टोनिंग देखणं येतं.

१९४० पासूनचे सहाव्या जॉर्जचे रुपये निम्मेच चांदीचे: ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल आणि ५ टक्के जस्त. तांब्यामुळे हे बहुधा मळकट तपकिरी किंवा हिरवट होतात. त्यांच्याकडून इंद्रधनुष्याची अपेक्षा ठेवू नका. १९४७ चा वाघाचा रुपया तर निकेलचाच, चुंबकाला चिकटतो. स्वातंत्र्यानंतरचं गांधीजींचं १९६९ चं दहा रुपयांचं नाणं ८० टक्के चांदीचं आहे आणि त्यावर छान रंग येतात. गोव्याकडे नातं असलेल्या घरांत पोर्तुगीज ‘रुपिया’ निघतो. १८८१-८२ चा लुईशचा रुपिया ब्रिटिश रुपयाच्याच वजनाचा आणि कसाचा आहे, त्यामुळे त्याला सगळे नियम तेच.

शेत नांगरताना किंवा पायाचं खोदकाम करताना काही सापडलं तर गोष्ट निराळी. आदिलशाहीच्या काळात या किनाऱ्यावर ‘लारी’ चालायची: केसांच्या आकड्यासारखी दुमडलेली चांदीची तार, त्यावर ठसा. असं जमिनीतलं धन दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं असेल तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. लारी सरळ करून बघू नका. शतकानुशतकं मातीत राहिलेली चांदी ठिसूळ होते आणि काडीसारखी मोडते.

पायरी ३: एकच दिवा आणि तिरका हात

खरी परीक्षा इथे आहे आणि तिला काहीच खर्च नाही. खोलीतले बाकी दिवे बंद करा. एक एलईडी टेबललॅम्प एका बाजूला ठेवा. नाणं कडेने धरून दिव्याखाली हळूहळू कलतं करा, गोल फिरवा.

टांकसाळीत ठसा दाबला जातो तेव्हा धातू मध्यापासून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक रेषा राहतात. कधीच न वापरलेल्या नाण्यावर या रेषांमुळे उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा गरागरा फिरतो. याला संग्राहक ‘लस्टर’ म्हणतात. नाण्याची ही मूळ कातडी.

आता बघा, रंगाखालून तो पट्टा फिरतोय का. फिरत असेल तर थर पातळ आहे, कातडी जिवंत आहे, रंग तिच्यावर पारदर्शक काचेसारखा बसलाय. हे देखणं टोनिंग. उजेड कुठेच फिरत नसेल, नाणं सगळीकडून सारखंच मंद आणि काळपट दिसत असेल, तर थर जाड झालाय आणि बहुधा खालची कातडी खाऊन गेलाय. अशी काळी वस्तू धुतली तरी खालून लस्टर निघत नाही, निघते ती खरबरीत पांढुरकी चांदी.

वापरलेल्या नाण्यावर लस्टर मुळातच नसतो. तिथे काळं चांगलंही असू शकतं. माझ्याकडच्या दुसऱ्या एका वापरलेल्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या अंगरख्याच्या घडीत आणि हत्तीच्या पायाशी गडद राखाडी आहे, गालावर आणि कानावर फिकट. ही उठावावरची फिकट आणि खोलगटातली गडद छटा कैक वर्षांच्या हाताळणीतून येते आणि चित्र उठून दिसतं. तिला हात लावायचा नाही. (या हत्तीवरून आठवलं: १९११ च्या पहिल्या नाण्यांवर राजाच्या साखळीतला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि १९१२ पासून चित्र बदललं. घरात १९११ चा रुपया असेल तर निदान तो तरी चिंचेत बुडवू नका.)

पायरी ४: डाग कसला आहे ते ठरवा

भिंग घ्या, दहापट पुरे. सगळं काळं सारखं नसतं.

हिरवट चिकट थर, कधी बारीक थेंबांसारखा: हे बहुधा पीव्हीसीचं पाप. बाजारात मिळणारी मऊ, वास येणारी प्लॅस्टिकची पाकिटं जुनी झाली की त्यातून आम्ल आणि तेलकट द्रव सुटतो. आपल्या उन्हाळ्यात तर लवकरच. यावर लगेच उपाय करायचा, कारण हा डाग धातू खातो.

करडी, खरबरीत, मेणासारखी साय: क्लोराइड. किनाऱ्यावर वाळूत सापडलेल्या किंवा समुद्राकडच्या भिंतीतल्या कोनाड्यात राहिलेल्या नाण्यांवर दिसते. नखाने खरवडू नका, थराबरोबर खालचा तपशीलही निघून येतो.

अर्धगोल रेषा, तिच्या एका बाजूला गडद: हे कोकणातल्या घरांचं खास. गणपतीत कलशात सुपारीबरोबर रुपया घालतात, तो दिवसेंदिवस पाण्यात राहतो आणि सुपारी टेकलेल्या जागी अशी कडा उमटते. कुंकवाचे गुलाबी-तपकिरी ठिपके, पंचामृतातल्या दह्या-मधाने आलेला चिवट पिवळसर थर, हीही घरचीच मंडळी.

आणि कडेकडून मध्याकडे हळूहळू बदलत जाणारे रंग, एकातून दुसरा उमलत गेलेला: हेच ते टोनिंग. कागदात, पाकिटात, अल्बमच्या भोकात नाणं ठेवलं की हवा कडेने शिरते. म्हणून कडेला थर सगळ्यात जाड आणि मध्ये सगळ्यात पातळ. पहिल्या फेरीतल्या नाण्यावर बाहेरून आत वाचलं तर निळा, जांभळा, किरमिजी, केशरी, सोनेरी. आमच्या बाराव्याचा क्रम जुळवून बघा, नेमका हाच आहे.

पायरी ५: रंग देवाने दिला की भट्टीने

रंगीत नाण्याला जास्त पैसे मिळतात हे कळल्यापासून रंग चढवणारेही झाले. गंधक, अंड्याचा बलक, उष्णता, कसली कसली द्रावणं. मुंबई-पुण्याच्या नाणेप्रदर्शनांतही अशी नाणी हाताशी येतात. घाईत घेऊ नका.

क्रम तपासा. पांढऱ्या धातूला चिकटून एकदम भडक निळा, मध्ये सोनेरीही नाही आणि केशरीही नाही, असं दिसलं की शंका घ्या. हिरवा दुसऱ्या फेरीतला रंग. त्याच्या आधी पिवळ्या-गुलाबीची दुसरी पंगत बसलेली दिसायलाच हवी. घाईने चढवलेला रंग या पायऱ्या गाळतो.

अक्षरांभोवती बघा. सावकाश आलेल्या टोनिंगमध्ये उठावाच्या अक्षरांना आणि आकड्यांना लागून बारीकशी फिकट किनार राहते, जणू रंग अक्षरापासून एक पाऊल मागे सरकलाय. भिंगाखाली ‘वन रुपी’च्या अक्षरांभोवती अशी किनार दिसली की माझा जीव भांड्यात पडतो. नक्कल करणाऱ्याला हे सहसा जमत नाही.

झिजलेलं नाणं आणि तरीही गालावर, नाकावर निऑनसारखे रंग? हाताळणीने झिजलेल्या नाण्याचा उठाव तर आधी पुसला जातो. मग त्यावरच रंग कसा आला, हे विक्रेत्याला विचारा. दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या रंगल्या असतील तरीही विचारा.

ओरखड्यांत डोकावा. बारीक समांतर ओरखडे असतील आणि त्यांच्या तळातही तोच रंग असेल, तर आधी घासणी झाली, रंग नंतर आला. कधी तो आपोआपही येतो, घासलेली नाणी पुन्हा रंगतातच, पण मोल घासलेल्या नाण्याचंच.

आणि वास घ्या. हसू नका. ताजं गंधकाचं काम कित्येकदा नाकाला कळतं.

पीसीजीएस, एनजीसी या अमेरिकी प्रमाणन संस्थाही हेच बघतात. रंगावर विश्वास बसला नाही की पीसीजीएस नाण्याला आकडी दर्जा देत नाही, ‘रंग संशयास्पद’ असा शेरा मारते. उलट फार देखण्या नाण्याला एनजीसी दर्जाच्या आकड्यापुढे तारा देते.

एक आडकथा सांगतो, मला फार आवडते. टोनिंगच्या जगात सर्वाधिक भाव खाणारं नाणं म्हणजे अमेरिकेचा मॉर्गन डॉलर. पहिल्या महायुद्धात भारतात चांदीचा तुटवडा झाला, कागदी नोटांवरचा विश्वास उडू लागला. १९१८ च्या पिटमन कायद्याने अमेरिकेने सुमारे २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यातली बहुतेक चांदी ब्रिटनने भारतासाठी विकत घेतली. त्या काळातल्या रुपयांत ही चांदी उतरली. आत्या चिंचेने घासते त्यातल्या एखाद्या रुपयाच्या अंगात मॉर्गन डॉलरचं रक्त असू शकतं!

पायरी ६: काही करायचं का

शंभरातल्या नव्वद वेळा उत्तर ‘नाही’. उरलेल्या वेळी काय करायचं, ते सांगतो. आधी काय करू नये ते, तेही माझ्या खर्चाने.

१९०१ चा एक राणीछाप रुपया मी नवशिका असताना विकत घेतला होता. गडद होता, पण दिव्याखाली उजेड थोडा फिरायचा. इंटरनेटवर वाचून मी ॲल्युमिनियम फॉइल, खाण्याचा सोडा आणि गरम पाणी असा घाट घातला. दोन मिनिटांत पाणी कुजक्या वासाने भरलं आणि नाणं पांढरंफटक निघालं. मी खूश. दादरला एका प्रदर्शनात एका विक्रेत्याकडे नेलं. त्यांनी दिव्याखाली अर्धा फेरा फिरवला आणि परत दिलं. “धुतलंय, साहेब.” एवढंच. या प्रक्रियेत सल्फाइडची परत चांदी होते हे खरं, पण ती मूळच्या जागी, मूळच्या घडणीत बसत नाही. स्पंजासारखी भुरभुरीत चांदी वर राहते, आणि उजेड फिरायचा तो थांबतो. आता ते नाणं स्टीलच्या वाटीसारखं दिसतं.

चिंच, आमसुलाचं पाणी, लिंबू: ही आंबट मंडळी तांब्याचा मळ काढतात, म्हणून तांब्या-पितळेला छान. चांदीचं सल्फाइड ती फारसं विरघळवत नाहीत. नाणं चमकतं ते तुमच्या घासण्याने, म्हणजे वरची चांदी खरवडून. राख, टूथपावडर, रांगोळी सगळी त्याच माळेची. सराफाकडचं ‘डिप’, म्हणजे नाणं बुडवून पांढरं करायचं द्रावण, सल्फाइड विरघळवतं, पण थरात अडकलेली चांदीही घेऊन जातं. दोनतीनदा बुडवलं की लस्टरच्या रेषा गुळगुळीत होऊन संपतात. आमच्या भागातल्या एका सराफाने मला प्रेमाने विचारलं होतं, “काका, दोन मिनिटांत पांढरं करून देतो, पैसे नकोत.” त्यांचं चुकत नाही. त्यांच्या हिशोबात नाणं म्हणजे तोळाभर चांदी.

मग करायचं काय?

पीव्हीसीचा हिरवा थर, बोटांचं तेल, चिकटपट्टीचा गोंद यांना शुद्ध ॲसिटोन. रसायनांच्या दुकानातून आणा. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल आणि सुगंध असतो. ॲसिटोन चांदीला किंवा सल्फाइडला धक्का लावत नाही, म्हणून टोनिंग तसंच राहतं. काचेच्या दोन वाट्या घ्या, प्लॅस्टिकच्या नाही. काम पडवीत, वारा असताना, देवघरातला दिवा आणि स्वयंपाकघरातला गॅस दूर. पहिल्या वाटीत नाणं दहापंधरा मिनिटं ठेवायचं, मग कडेने उचलून दुसऱ्या ताज्या ॲसिटोनमध्ये बुचकळायचं आणि उभं कलतं करून आपोआप सुकू द्यायचं. पुसायचं नाही. बोळा फिरवायचा नाही. डाग हलला नाही तर आणखी काही तास बुडवून ठेवा. जोर लावून काही मिळत नाही.

मिठाचा संशय असेल तर डिस्टिल्ड वॉटर. गाडीच्या बॅटरीत टॉपअपला घालतात ते पाणी गॅरेजवाल्याकडे मिळतं. मात्र पाणीच आणा, बॅटरीचं ॲसिड नाही, दुकानात दोन्ही शेजारी असतात. विहिरीचं पाणी नको, किनाऱ्याजवळच्या विहिरींना खारटपणा असतोच. नाणं दिवसभर बुडवून ठेवा, पाणी तीनचारदा बदला, शेवटी ॲसिटोनमध्ये एकदा बुचकळा म्हणजे पाणी लवकर निघून जाईल. आधीच धरलेली क्लोराइडची साय याने जाणार नाही, पण मोकळं मीठ जाईल आणि खाणं मंदावेल.

काळं टोनिंग आवडत नाही, एवढ्यासाठी काहीही करू नका. ते नाणं विका किंवा बदलून घ्या.

पायरी ७: जिथे आहे तिथेच थांबवा

टोनिंग मागे नेता येत नाही, पण हळू करता येतं. आपल्याकडे खरं काम हेच.

प्रत्येक नाणं कडक, पारदर्शक कॅप्सूलमध्ये किंवा मायलरच्या (पॉलिस्टरच्या पारदर्शक फिल्मच्या) पाकिटात ठेवा. पुठ्ठ्याच्या चौकटी स्वस्त असतात, पण त्यांच्या पिना दुसऱ्या नाण्याला ओरखडतात, म्हणून पिना पक्कडीने दाबून सपाट करा. मग सगळी नाणी एका घट्ट झाकणाच्या डब्यात. झाकणाची कडा सिलिकॉनची बघा, काळ्या रबराची नको. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एखादी चांदी काळवंडू न देणारी पट्टी किंवा सक्रिय कोळशाची पुडी. जेल ओल खातं, कोळसा गंधक.

रंग बदलणारं केशरी सिलिका जेल घ्या. रंग गेला म्हणजे पोट भरलं. ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास ठेवलं की पुन्हा कामाला लागतं. आमच्याकडे जूनमध्ये भरलेलं जेल ऑगस्टच्या आधीच हात टेकतं, तेव्हा दोन संच ठेवा.

डबा ठेवायचा कुठे? समुद्राकडच्या भिंतीत नको, स्वयंपाकघराशेजारी नको, न्हाणीघराला लागून नको, नव्या प्लायवूडच्या कपाटात तर मुळीच नको, त्यातल्या गोंदातून आम्लाची वाफ सुटत राहते. माजघरातलं जुनं सागवानी कपाट चालेल, डबा घट्ट असेल तर. डांबरगोळ्या टाकू नका, त्यांची वाफ नाण्यावर बसते. खडूचा तुकडा बऱ्याच घरांत ठेवतात, त्याने फारसं काही साधत नाही. सराफाची लाल मखमली डबी दागिन्यांना शोभते, नाण्यांना नाही. एसीच्या खोलीतून बाहेर आणलेला डबा लगेच उघडू नका, थंड नाण्यावर क्षणात दव धरतं.

पावसाळ्यात डबा उघडायचाच नाही. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की एका दुपारी उघडा, पहिल्या दिवशीचे फोटो शेजारी ठेवून तपासा. सोनेरी असलेलं केशरी झालं असेल तर डबा गळतोय. जेल बदला, पट्टी बदला, झाकणाची कडा बघा.

आमच्याकडचा तोडगा सांगतो. पूजेला अकराच हवीत असं नाही, दोन नाणी पुरतात, म्हणून दोन वेगळी काढली: १९६९ ची गांधीजींची, बाजारात सहज मिळणारी, आधीच घासलेली. ती आत्याच्या डब्यात. तिने सुरुवातीला कुरकुर केली, “लक्ष्मीला गांधीबाबा चालतील का रे?” आता दर दिवाळीला तीच त्यांना चिंच लावते. बारावा रुपया मात्र माझ्या कपाटात आहे, आणि तो बघायचा झाला की आत्यालाही आधी साबणाने हात धुऊन यावं लागतं.